गाव उठलं, चर्च राहिलं

   ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा बोलण्याचा लिखित मजकूर. वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.

आजचा भाग आहे एका चर्चबद्दल. चर्च चांगलं आठशे वर्षांचं जुनं आहे. छप्पर शाबूत, मनोरा शाबूत, आजूबाजूला कबरी. फक्त त्याला गाव नाही. म्हणजे होतं, पण १९४३ च्या डिसेंबरात ते रिकामं केलं गेलं आणि पुन्हा कधी वसलं नाही.

फोनवर नकाशा उघडा आणि इंग्लंडमधलं स्टोनहेंज शोधा. ते मोठाल्या दगडांचं वर्तुळ, सगळ्यांना माहीत असलेलं. तिथून वायव्येला सोळा-सतरा किलोमीटर सरका. बघता बघता नकाशा ओसाड होत जाईल. रस्ते कमी, नावं कमी, नुसता उघडा माळ. याला सॅलिसबरी प्लेन म्हणतात. विल्टशर परगण्यातला हा चुनखडीचा उंच माळ आहे आणि त्याचा मोठा तुकडा, सुमारे ३८ हजार हेक्टर, ब्रिटिश लष्कराच्या सरावासाठी राखून ठेवलेला आहे. त्या माळाच्या मधोमध एका खोलगट जागी इंबर नावाचं गाव होतं. आणि तिथल्या चर्चचं नाव सेंट जाइल्स.

हे चर्च अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं. पण बांधलं तेराव्या शतकात, तेव्हा अँग्लिकन वगैरे काही नव्हतंच, सगळे रोमच्या पोपला मानणारे. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपशी काडीमोड घेतला आणि देशातली हजारो गावातली चर्चेस एका कायद्याने इकडची तिकडे झाली. इमारत तीच, कबरी त्याच, गावकरीही तेच. फक्त प्रार्थना हळूहळू लॅटिनमधून इंग्रजीत आली, आणि भिंतींवरची चित्रं देशभर चुना मारून झाकली गेली. मूर्ती-चित्रं नकोत, असा नवा विचार होता. चुन्याचा एक फायदा असा, की तो रंग खाऊन टाकत नाही, जपतो. इंबरच्या भिंतींवर मध्ययुगातल्या चित्रांचे तुकडे आजही दिसतात ते त्यामुळेच.

आता 'पॅरिश' हा शब्द समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारा सगळा मुलूख: घरं, शेतं, माळ, ओढे, सगळं. इंग्लंडमधली जवळजवळ सगळी जमीन कुठल्या ना कुठल्या पॅरिशमध्ये येते. तुम्ही चर्चमध्ये जाता की नाही, देव मानता की नाही, याचा संबंध नाही. तुम्ही तिथे राहता, म्हणजे ते तुमचं पॅरिश चर्च. त्या चर्चमध्ये लग्न करण्याचा आणि त्याच्या आवारात जागा असेल तर पुरलं जाण्याचा तुम्हाला हक्क आहे. १५३८ पासून प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद वहीत ठेवायची असा हुकूम निघाला. म्हणजे शेकडो वर्षं एका साध्या मेंढपाळाच्या आयुष्याचा सरकारदरबारी म्हणावा असा पुरावा कुठे होता? चर्चच्या वहीत. तीन ओळी. जन्मला, लग्न केलं, मेला.

आपल्याकडे गावचा कुलकर्णी ठेवायचा त्या दप्तरात जमीन असायची. इथे माणूस होता. हा फरक मला फार आवडतो.

इंबर मोठं कधीच नव्हतं. १०८६ च्या डोम्सडे बुकात, म्हणजे विल्यम द कॉन्करर राजाने करवलेल्या त्या प्रसिद्ध पाहणीत, गावाचं नाव आहे. १८५१ च्या जनगणनेत लोकसंख्या ४४० च्या आसपास गेली, ती सगळ्यात जास्त. १९३१ ला उरले १५२. मेंढ्या पाळायच्या, धान्य पिकवायचं, बस्स. जवळच्या गावी जायचं तरी कित्येक मैल उघड्या माळावरून. ते गाव किती आडबाजूला होतं याची एक खरी गोष्ट सांगते. २१ ऑक्टोबर १८३९. इंबरचे एक शेतकरी, मॅथ्यू डीन, डिव्हायझेसच्या जत्रेतून घरी येत होते. माळावर चार लुटारूंनी गाठलं, पैसे काढून घेतले. डीन गप्प बसले नाहीत. माणसं जमवली आणि तीन तास त्यांचा पाठलाग केला. पळता पळता एक लुटारू जागीच कोसळून मेला. उरलेले तिघे पकडले गेले, त्यांना पंधरा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या जागी दगड उभारला, तो आजही आहे. पोलीस यायची वाट बघत बसायची सोय नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

आणि असल्या गावातल्या चर्चमध्ये काय होतं बघा. मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर सतराव्या शतकात रंगवलेले आकडे आहेत. आकड्यांच्या ओळी, एकाखाली एक. पहिल्यांदा बघितलं तर कुणीतरी पाढे लिहिलेत असं वाटेल. ते आहेत घंटा वाजवण्याचे क्रम.

इथे जरा थांबते, कारण हा प्रकार आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये चर्चच्या घंटांवर गाण्याची चाल वाजवत नाहीत. प्रत्येक घंटेला एक दोर, प्रत्येक दोराला एक माणूस. घंटा पूर्ण गोल फिरते, आणि ती इतकी जड असते की तिच्यावर चाल धरणं जमत नाही. फार तर आपला नंबर एक जागा पुढे किंवा एक जागा मागे सरकवता येतो. मग या मर्यादेतून खेळ निघाला: प्रत्येक फेरीत क्रम बदलायचा, आणि कुठलाही क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. तीन घंटांचे क्रम होतात सहा. चारचे चोवीस. पाचचे १२०. सहाचे ७२०. बारावीत परम्युटेशन शिकलात ना, तेच. या विषयावरचं पहिलं छापील पुस्तक, 'टिंटिनॅलॉजिया', १६६८ चं आहे. म्हणजे लंडनमध्ये ही कला शास्त्र म्हणून आकार घेत होती त्याच शतकात या आडगावातल्या घंटावाल्यांनी आपले क्रम भिंतीवर रंगवून ठेवले. कुणी लोहार असेल, कुणी मेंढपाळ. कामावरून यायचं, भिंतीकडे बघून दोर ओढायचा. मला सरदारांच्या पुतळ्यांपेक्षा ही भिंत जास्त मोलाची वाटते. सरदार सगळ्याच चर्चमध्ये असतात.

बरं. आता गाव गेलं कसं?

एका दिवसात नाही गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये शेतीला वाईट दिवस आले. अमेरिकेतून स्वस्त गहू यायला लागला, माळरानातल्या जमिनींचे भाव कोसळले. लष्कराला मोठी मोकळी जागा हवी होती. १८९७ पासून त्यांनी सॅलिसबरी प्लेनवर जमिनी घ्यायला सुरुवात केली. विकणारे खूश होते, भाव मिळत होता. १९२० च्या दशकाच्या शेवटी इंबरचा नंबर लागला. शेतं गेली, मग घरं. १९३० च्या दशकात स्थिती अशी होती की चर्च, पाळकाचं घर, बाप्टिस्टांचं छोटं प्रार्थनाघर, शाळा आणि 'बेल इन' नावाचं मद्यगृह सोडलं, तर जवळजवळ सगळं गाव युद्ध खात्याच्या मालकीचं होतं.

लोक तिथेच राहत होते. तीच घरं, तीच चूल. फक्त आता ते भाडेकरू झाले होते. आणि मालक होता युद्ध खातं, ज्याला हवं तेव्हा घर रिकामं करून मागता येत होतं. आपल्याकडे कुळकायदा आला, कसेल त्याची जमीन झाली, त्यामुळे कुळ म्हणजे काय आणि मालक म्हणजे काय हे तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ते एका वाक्यात सांगतील. इंबरच्या लोकांना ते १९४३ मध्ये कळलं.

त्याआधी १९४२ च्या एप्रिलमध्ये एक भयंकर प्रकार झाला होता. १३ तारखेला इंबरजवळ हवाई हल्ल्याचं प्रात्यक्षिक चाललं होतं. एका हरिकेन विमानाच्या वैमानिकाने बघ्यांनाच लक्ष्य समजून गोळ्या झाडल्या. २५ माणसं मेली, ७१ जखमी झाली. सगळी आपलीच, बहुतेक लष्करातली. तरी गाव तिथेच होतं. तोफांच्या आवाजाची त्यांना सवय होती.

मग १ नोव्हेंबर १९४३. गावकऱ्यांना शाळेच्या खोलीत बोलावलं गेलं. सांगितलं गेलं की गाव रिकामं करायचं आहे. मुदत ४७ दिवस. कारण अमेरिकन सैन्य. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरायचं होतं, जर्मनांशी गल्लीबोळांत लढायचं होतं. त्याचा सराव करायला खरंखुरं गाव हवं होतं.

हिशोब करा. ४७ दिवस म्हणजे १७ डिसेंबर. नाताळच्या आठ दिवस आधी.

भांडण फारसं झालं नाही. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण युद्ध चालू होतं, प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कुठेतरी लढत होतं, आणि आपणही आपला वाटा उचलतोय असं लोकांना वाटलं. शिवाय आपण परत येणार याची खात्री होती. गावकरी पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले की सहा महिन्यांचा प्रश्न आहे असं आम्हाला सांगितलं होतं. काहींनी स्वयंपाकघरात डबाबंद अन्न तसंच ठेवलं होतं. सैनिकांना उपयोगी पडेल म्हणून. ज्याला वाटतं आपण कायमचे चाललोय, तो असं करत नाही.

भरपाई अगदीच थोडी. घर मुळी तुमचं नाहीच, तर भरपाई कसली?

गावचे लोहार होते अल्बर्ट नॅश. चाळीसहून अधिक वर्षं त्याच भात्यासमोर. नोटीस मिळाल्यावर ते ऐरणीवर डोकं ठेवून रडताना सापडले, असं सांगतात. गाव सोडल्यानंतर थोड्याच काळात ते गेले. छाती फुटून गेले असं लोक म्हणतात, डॉक्टर काय म्हणाले ते सोडून द्या. नंतरचा तपशील मात्र ऐका. त्यांना इंबरला आणलं. पुरायला. सेंट जाइल्सच्या आवारात. गाव रिकामं झाल्यावर तिथे परत आलेले ते पहिले गावकरी.

आता लक्षात आलं ना, मी मघाशी पॅरिशचं एवढं का सांगत बसले? लष्कराने घरं घेतली, शेतं घेतली, रस्ते घेतले. पण चर्चची मालकी त्यांच्याकडे गेली नव्हती. ती सॅलिसबरीच्या बिशपच्या अखत्यारीत, म्हणजे डायसिसकडेच राहिली. चर्च कुणी विकलं नव्हतं, कारण ते विकायला कुणा एकाच्या बापाचं नव्हतं. भाड्याने दिलेलंही नव्हतं. गावात ज्याला मालक होता ते सगळं गेलं. जे सगळ्यांचं होतं तेवढं राहिलं.

म्हणून मग अशी एक अजब व्यवस्था तयार झाली की इंबरचा माणूस जिवंतपणी इंबरला राहायला येऊ शकत नाही, पण मेल्यावर येऊ शकतो. अनेकजण तसे आलेही.

चर्चमधलं सामान मात्र हलवावं लागलं. आजूबाजूला तोफा फुटणार, आत ठेवणार काय? रूस घराण्यातले मानले जाणारे दोन सरदार तिथे समाधीवर आडवे कोरलेले होते, चिलखतासकट. ते दगडी पुतळे जवळच्या एडिंग्टन गावातल्या मोठ्या चर्चमध्ये नेले. बाप्तिस्म्याचं दगडी पात्र ब्रिक्स्टन डेव्हरिल नावाच्या दुसऱ्या एका छोट्या गावात गेलं. ज्या पात्रात इंबरची पिढ्यान्‌पिढ्या लेकरं न्हाली, ते आता दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये उभं आहे. एका अर्थाने बरं झालं, पडून तर नाही राहिलं.

१९४५ मध्ये युद्ध संपलं. अमेरिकन गेले. इंबर परत मिळालं नाही.

ब्रिटिश लष्कराला सराव चालूच ठेवायचा होता. घरांवर गोळे पडले होते, छपरं गेली होती. वर्षं जात राहिली. पण गाव विसरलं गेलं नाही, आणि याचं श्रेय ऑस्टिन अंडरवुड नावाच्या माणसाला द्यायला हवं. ते जवळच्या एम्सबरीचे नगरसेवक. जानेवारी १९६१ मध्ये त्यांनी मोर्चा काढला. दोन हजारांहून जास्त माणसं लष्कराची बंदी मोडून, गाड्या घेऊन, थंडीत, चिखलात इंबरमध्ये घुसली. जुने गावकरी होते, त्यांची मुलं होती, आणि नुसतेच चिडलेले लोकही होते. त्यांचा मुद्दा कायद्याचा होता: गावातून जाणारे रस्ते हे सार्वजनिक रस्ते आहेत, ते कायमचे बंद करता येणार नाहीत.

चौकशी नेमली गेली. दोन्ही बाजूंचं ऐकलं गेलं. निकाल लष्कराच्या बाजूने लागला आणि रस्ते रीतसर बंद झाले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लष्कराकडच्या जमिनींचा आढावा घ्यायला आणखी एक समिती बसली, पुन्हा तोच निर्णय. मग लष्कराने तिथे नवीन घरं बांधली. खरी नव्हे. खिडक्या नाहीत, दारं नाहीत, नुसते सिमेंटच्या विटांचे खोके. उत्तर आयर्लंडमध्ये जाणाऱ्या सैनिकांना गल्लीत कसं लढायचं ते शिकवायला. म्हणजे माणसांची घरं होती ती गेली, आणि माणसं नसलेली घरं बांधली.

एक गोष्ट मात्र पदरात पडली. चर्चची देखभाल व्हावी आणि वर्षातून एकदा, संत जाइल्सच्या दिवसाच्या, म्हणजे १ सप्टेंबरच्या जवळच्या शनिवारी तिथे प्रार्थना व्हावी, हे ठरलं. वर्षातून एक शनिवार. हरलेल्यांना शेवटी काहीतरी द्यायचं असतं तसं दिलं, असं कुणी म्हणेल. मला नाही तसं वाटत. माझ्या मते त्या एका शनिवारामुळेच इंबर हे गाव राहिलं, नाहीतर तो नकाशावरचा एक सराव-विभाग झाला असता. वर्षातून एकदा का होईना, पण कुणीतरी कुलूप काढायचं, केर काढायचा, कबरींवरचं गवत कापायचं, बाकं लावायची. कुणाला तरी तारीख लक्षात ठेवावी लागत होती.

तुमच्यापैकी जे इंदापूर, भिगवणच्या बाजूचे आहात त्यांना पळसदेवचं देऊळ आठवलं असेल. उजनी धरणात बुडालेलं, आणि पाणी फार खाली गेलं की वर येणारं. तिथे ते कधी दिसणार हे दुष्काळ ठरवतो, इंबरला लष्कराचं वेळापत्रक.

मी तिथे गेले होते. कामानिमित्त काही वर्षं ब्रिस्टलला होते. तिथून वॉर्मिन्स्टरला आगगाडी जाते. आणि वॉर्मिन्स्टरहून ऑगस्टमधल्या एका शनिवारी इंबरला बस जाते. हो, बस! निर्जन गावाला बस. लंडनच्या त्या जुन्या लाल दुमजली बसगाड्या, रूटमास्टर, २००९ पासून वर्षातून एक दिवस तिथे धावतात. बसवेड्या लोकांनी सुरू केलेला हा उद्योग, त्यात लंडनच्या वाहतूक व्यवस्थेतले बडे अधिकारीसुद्धा. बसला रीतसर नंबर आहे, २३ ए. थांब्यांचे फलक, वेळापत्रक, कंडक्टर, सगळं अगदी गंभीरपणे. मिळणाऱ्या पैशांतून चर्चला मदत होते. वेड्यांचा देश आहे तो, पण असल्या वेडाला माझा सलाम.

बस चढ चढून माळावर आली आणि झाडं संपली. दोन्ही बाजूंना पाट्या: रस्ता सोडू नका, न फुटलेला दारूगोळा आहे. मध्येच गंजलेले रणगाडे, निशाण म्हणून ठेवलेले. माझ्या पुढच्या सीटवर एक छोटा मुलगा रणगाडे मोजत होता, त्याचा आकडा फार मोठा झाला. मग उतार लागला आणि खाली झाडीत मनोरा दिसला.

गावात बघण्यासारखं काय उरलंय? इंबर कोर्ट ही मोठी कोठी, वरचा मजला गेलेली. बेल इनची इमारत. एखाद्या शेतवाडीचं घर. बाकी ते सिमेंटचे खोके. बाप्टिस्टांचं प्रार्थनाघर १९७० च्या दशकात पाडलं, त्याच्या कबरी तेवढ्या आहेत. आणि थोड्या उंचावर चर्च, भोवती उंच तारेचं कुंपण. कुंपण चर्चला सैनिकांपासून वाचवायला. हे मला फार वेळ कळलंच नाही, मला वाटलं आपल्याला आत जाऊ नये म्हणून आहे.

आत गेले तर गारवा. पाय ठेवल्यावर आवाज घुमतो, कारण सामान फारसं नाहीच. चर्चमध्ये एरवी सामानाची दाटी असते, गाद्या, पुस्तकं, फुलांच्या परड्या. इथे भिंती आणि उजेड. आकड्यांची ती भिंत बघितली. एका टेबलावर चहा आणि केक विकत होते, तिथे रांग होती. इंग्लंडमध्ये जगबुडी आली तरी चहाचं टेबल लागेल.

बाहेर कबरींमध्ये एक वयस्क बाई आपल्या नातवाला एका दगडावरचं नाव वाचून दाखवत होत्या. मी बाजूने जाताना त्यांनी मला विचारलं, तुमचं कुणी आहे का इथे? मी नाही म्हटलं, नुसती बघायला आलेय. त्या म्हणाल्या, मग बघा निवांत, शेवटची बस चुकवू नका. एवढंच. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. ज्या गावात ऐंशी वर्षांत कुणी राहिलेलं नाही, तिथे अजून 'तुमचं कुणी आहे का' असं विचारलं जातं.

चर्चचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. डायसिसला वर्षातून एका प्रार्थनेसाठी एवढी मोठी जुनी इमारत सांभाळणं परवडेना. २००२ मध्ये सेंट जाइल्सला 'अनावश्यक' ठरवलं गेलं. शब्द कठोर आहे, पण तो त्यांच्या कायद्यातला शब्द होता. इंग्लंडमध्ये अशी शेकडो चर्चेस आहेत. काहींची घरं झाली, काहींत दुकानं आहेत, काहींत चक्क गिर्यारोहणाच्या भिंती. त्यात पुन्हा इथे मनोऱ्यावर वीज पडली आणि भेगा गेल्या. काही वर्षं वार्षिक प्रार्थनासुद्धा बंद ठेवावी लागली. इंबर असंच संपलं असतं, आणि तेही तोफेने नाही तर ओलीने. पण २००५ मध्ये चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्टने ते ताब्यात घेतलं. अशी वापरात नसलेली, पण मोलाची चर्चेस जपणारी ती संस्था आहे. मनोरा दुरुस्त झाला, छप्पर झालं. आता ते फक्त त्या एका शनिवारी नाही, तर वर्षातून आणखी काही दिवस उघडतं, साधारण ईस्टरच्या सुमाराला, ऑगस्टमध्ये, आणि नाताळच्या आसपास. डिसेंबरमध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात नाताळची गाणी होतात. ज्या महिन्यात गाव सोडलं त्याच महिन्यात.

एक गंमत आहे. आता ते कायद्याने पॅरिश चर्च राहिलेलं नाही. पॅरिशच उरली नाही म्हटल्यावर चर्च कुठून असणार? तरी प्रार्थना होते, कबरींची निगा राहते. कागदावर जे संपलंय ते प्रत्यक्षात चाललंय. कागदांच्या बाबतीत इंबरच्या लोकांचं नशीब तसंही कधी चांगलं नव्हतं.

तुमच्यापैकी बरेच जण शिकायला, नोकरीला तिकडे आहात, मेसेज येत असतात. जाणार असाल तर आधी ट्रस्टच्या साइटवर उघडण्याचे दिवस बघून घ्या, एरवी रस्ता बंद असतो, अडवतात. पाण्याची बाटली न्या, माळावर सावली नाही. फोनला रेंज मिळेल याच्या भरवशावर राहू नका, त्यामुळे हा भाग आधीच डाउनलोड करून ठेवा. आणि रस्ता सोडून गवतात शिरू नका, पाट्या खोट्या नाहीत.

तुमच्या गावाचं असं काही असेल, धरणात गेलेलं, खाणीत गेलेलं, तर व्हॉइस नोट पाठवा. गावाचं जुनं नाव आणि आता तिथे काय उरलंय, एवढं सांगितलंत तरी चालेल. पुढचा भाग गुरुवारी. भेटूच.